मासेमारी बंदीत मदत मिळते, पुढे मासेही वाढतात, मग मच्छीमार नाराज का असतात?

तुम्ही विचारलंय की बंदीच्या काळात सरकार मदत देतं, बंदी उठल्यावर मासळीही जास्त मिळते, मग मच्छीमारांचा राग कशावर असतो, त्यांना समुद्रात मासे टिकायला नकोत का. शेवटचं आधी सांगते. टिकायला हवेत, आणि सगळ्यात जास्त त्यांनाच हवेत. मी खलाशाच्या घरातली आहे, वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर गेले, आई धक्क्यावर मासळी निवडायची, आणि बंदीच नको असं मी दोघांच्याही तोंडून कधी ऐकलं नाही. गाभोळीने भरलेली मासळी जाळ्यात आली की वडील घरी येऊन ते सांगायचे, जीवाला लागायचं त्यांच्या. तक्रार असते ती वेगळी आणि ती बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला बंदी म्हणजे फक्त रांगेत उभ्या बोटी दिसतात.

आता बोट उभी राहिली की काय होतं बघा. खलाशाला बऱ्याच ठिकाणी महिन्याचा पगार नसतो, वाटा असतो. फेरीला लागलेलं डिझेल, बर्फ, राशन सगळं वजा करायचं आणि उरलेल्यात आधी बोटीचा वाटा, मग नाखव्याचा म्हणजे बोटमालकाचा, तांडेलाचा म्हणजे बोट हाकणाऱ्याचा, शेवटी खलाशांचा. फेरीच नाही तर वाटा कुठला! त्याला कोणी कामावरून काढत नाही, नोटीस देत नाही, त्यामुळे कागदावर तो बेकार झालेलाच नसतो. बोटीच्या मागे जमिनीवर उभे असलेले लोक तर आणखी जास्त, बर्फवाला, टेम्पोवाला, जाळी सांधणारे, पाट्या उचलणारे, मासळी निवडणाऱ्या, सोलणाऱ्या, सुकवणाऱ्या, डोक्यावर घेऊन विकणाऱ्या बायका. मासेमारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बोटीवरचा पुरुष येतो, पण पकडण्यापासून विकण्यापर्यंतचं सगळं काम धरलं तर जगभरात या धंद्यातली जवळपास निम्मी माणसं बायकाच आहेत.

आणि मदतीची यादी कशावरून बनते? बहुतेक वेळा बोटीच्या परवान्यावरून, कारण सरकारकडे तयार नोंद तेवढीच असते. एका वर्षी बंदी वाढली तेव्हा मदतीचे फॉर्म आले होते. वडिलांना बोटमालकाकडून तू आमचा खलाशी आहेस असा दाखला आणायला सांगितला, आणि मालकाने कागदावर खलाशी कमी दाखवलेले असल्यामुळे चौघांना दाखला मिळालाच नाही, त्यात आमचे वडील. आईच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात भरून घेणाऱ्याने तिला न विचारता गृहिणी लिहिलं. वीस वर्षं पहाटे तीनला उठून धक्क्यावर जाणारी बाई होती ती. मला पैसे न मिळाल्यापेक्षा त्या एका शब्दाचा राग आजही जास्त आहे, खरं सांगते.

दुसरी गोष्ट कर्जाची. समुद्र बंद होतो, हप्ते बंद होत नाहीत. बांगलादेशात हिलसा नावाच्या माशाला अंडी घालायला मिळावीत म्हणून ऑक्टोबरच्या सुमारास २२ दिवस बंदी असते आणि त्या काळात यादीतल्या कुटुंबांना तांदूळ देतात. योजना वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, हिलसा तिथे सावरलाय त्यात या बंदीचा हात आहे असं अभ्यासकही मानतात. पण तांदळाने सावकाराचा हप्ता फिटत नाही, मुलाची फी भरता येत नाही. तिथे दादन नावाची पद्धत आहे, म्हणजे व्यापारी आगाऊ पैसे देतो आणि बदल्यात मासळी त्यालाच विकायची, तो देईल त्या भावाने. मग बंदीत घर चालवायला आणखी उचल घ्यायची, आणि बंदी उठल्यावर जी जास्तीची मासळी येते तिचा फायदा उचल देणाऱ्याच्या खिशात. हे समजलं की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं, मासे वाढले हे खरंच असतं पण वाढलेले मासे कोणाचे हा हिशोब वेगळा असतो. ज्याने भूक सोसली त्यालाच फळ मिळतं असं नाही.

तिसरी आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट तारखेची. भारतात यांत्रिक बोटींना पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. त्रास होतो, पण तारीख माहीत असते, माणूस आधीपासून थोडं बाजूला टाकतो, बोटीची डागडुजी, जाळ्यांचं काम त्या दिवसांत काढतो. बंदी वर्षाच्या रहाटीत बसते. तारीख नसलेली बंदी म्हणजे पूर्ण वेगळी गोष्ट आणि त्याचं उदाहरण कॅनडातलं न्यूफाउंडलंड.

तिथे कॉड माशावर शेकडो वर्षं गावं जगली. १९६८ साली एका वर्षात त्या साठ्यातून सुमारे ८ लाख टन कॉड काढला गेला, मोठ्या परदेशी ट्रॉलरनी, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या बोटींनी, नंतर कॅनडाने परदेशी बोटी हटवल्या आणि स्वतःचे ट्रॉलर आणले. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ छोट्या बोटीने मासेमारी करणारे लोक सांगत होते की मासा कमी झालाय, बारीक झालाय. पण अंदाज बांधताना ट्रॉलरच्या आकड्यांवर फार भर होता आणि ट्रॉलरला मासा मिळतच होता, कारण उरलेला मासा एकेका जागी दाटीने जमत होता आणि ट्रॉलर नेमका तिथे पोचत होता. २ जुलै १९९२ ला मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी बंदी जाहीर केली. आदल्या दिवशी बे बुल्स गावात चिडलेल्या लोकांना ते म्हणाले होते की समुद्रातले मासे मी नाही काढले. खरंच आहे ते, पण समोर उभ्या छोट्या बोटवाल्यांनीही सगळे काढले नव्हते ना, आणि काम त्यांचंच गेलं.

बंदी दोन वर्षांची सांगितली होती. साधारण ३० हजार लोकांचं काम एका झटक्यात गेलं, त्यात मासळी साफ करण्याच्या कारखान्यांतले लोकही होते. सरकारने पैसे दिले, दुसरं काम शिकवण्याचे वर्ग काढले, मोठा खर्च केला, ते नाकारता येणार नाही. पण दोन वर्षं म्हणून सांगितलेली बंदी संपली २०२४ मध्ये! बत्तीस वर्षं. दरवर्षी पुढच्या वर्षी उघडेल या आशेवर माणूस बोट विकत नाही, गाव सोडत नाही, दुसरं काही मनापासून शिकतही नाही, आणि वर्ष निघून जातं. तरुण मात्र थांबले नाहीत, प्रांताची लोकसंख्या १९९१ ला ५ लाख ६८ हजार होती ती २००१ ला ५ लाख १३ हजारांवर आली. पुढे तिथे खेकडा आणि कोळंबीतून चांगला पैसा आला हेही खरं, पण त्याला माणसं कमी लागतात आणि तो सगळ्या जुन्या गावांत आला नाही. १९९२ ला जो वीस वर्षांचा होता तो बंदी उठली तेव्हा बावन्नचा, आणि कुठल्या खडकाजवळ कुठल्या दिवसांत मासा येतो हे त्याला शिकवणारे म्हातारे बहुतेक गेले.

एक मात्र सांगायला हवं, बंद ठेवण्याचे दिवस वाढवले की आपोआप भलं होतं असंही नाही. अमेरिकेतल्या अलास्कात हॅलिबट माशाचा हंगाम कमी करत करत १९९० च्या सुरुवातीला काही भागांत वर्षाला दोन-तीन दिवसांवर आला होता. मग त्या दिवशी वादळ असलं तरी सगळे बाहेर पडायचे, कारण आज गेलो नाही तर वर्ष गेलं. १९९५ ला प्रत्येकाने किती मासा पकडायचा तो हिस्सा ठरवून दिला तेव्हा ती धावाधाव थांबली, पण सुरुवातीला हिस्से मिळाले बोटींच्या मालकांना, खलाशी तिथेही बाहेरच.

मग चांगली बंदी असते का, तर असते. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आंदावादोआका नावाचं, वेझो या समुद्रावर जगणाऱ्या लोकांचं गाव आहे. तिथे २००४ च्या शेवटी गावाने ऑक्टोपस पकडण्याच्या जागेचा फक्त एक तुकडा काही महिने बंद ठेवला, बाकीचा चालू. ओहोटीला खडकावर चालत जाऊन ऑक्टोपस शोधण्याचं काम तिथे बायका खूप करतात, म्हणजे बंदीची झळ आणि फायदा दोन्ही त्यांच्या हातात. ऑक्टोपस फार झपाट्याने वाढतो, त्यामुळे थोड्या महिन्यांत फरक डोळ्यांना दिसला. उघडल्याच्या दिवशी आसपासच्या गावांतलेही लोक येऊन पडले, मग नियम बदलावे लागले, शेजारच्या गावांशी बोलून तारखा जुळवल्या, आणि ते बघून दुसऱ्या अनेक गावांनी तशीच बंदी स्वतःहून घेतली. सगळे मासे ऑक्टोपससारखे भराभर वाढत नाहीत, त्यामुळे हे जसंच्या तसं कुठेही उचलून लावता येणार नाही हे मला कळतं. पण तुकडा कुठला आणि उघडायचं कधी हे त्यावर जगणाऱ्यांनी ठरवलं होतं, वरून कागद आला नव्हता.

म्हणून तुम्ही विचारलेलं विरोध का, त्यावर माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी कुठल्याही बंदीची बातमी वाचलीत तर मदतीची रक्कम बघून थांबू नका. यादीत खलाशी आहेत का ते बघा, मासळी निवडणाऱ्या आणि विकणाऱ्या बाया आहेत का बघा, उघडायची तारीख लिहिली आहे का आणि ती पाळली गेली नाही तर काय ते लिहिलंय का बघा. आमच्या आईने तो फॉर्म परत मागून घेतला होता, गृहिणी खोडून आपल्या हाताने मासळी निवडणारी असं लिहिलं. फॉर्म नामंजूर झाला, खाडाखोड आहे म्हणून.