वाचकांचे प्रश्न : सॅक्सोफोनचा भार मानेवरून खांद्यांवर नेताना

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे, सॅक्सोफोनचा गळपट्टा आणि त्याऐवजी घ्यायचा हार्नेस, म्हणजे भार खांद्यांवर आणि पाठीवर घेणारा पट्टा. म्हणून सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पुढे येणारे अल्टो, टेनर आणि बॅरिटोन हे सॅक्सोफोनचेच लहान ते मोठे आकार.

प्रश्न : मी टेनर वाजवतो. सराव रोज दीड-दोन तास, बराचसा उभ्याने. गळपट्ट्याने मान आखडते आणि दुसऱ्या दिवशीही वळवताना दुखते. हार्नेस घ्यायचं ठरवलं आहे, पण प्रकार पाहून गोंधळ होतो. कोणता घ्यावा?

उत्तर : टेनरचं वजन साधारण ३ ते ३.५ किलो असतं. गळपट्ट्यात हा सगळा भार मानेच्या मुळाशी येतो. मान खाली घातली की मागे हाताला लागणारं जे टोकदार हाड, त्याच्या आसपासच्या चिंचोळ्या पट्टीवर. डोकं सरळ असेल तर मान ते काही वेळ सोसते. पण पट्ट्याची पुढची दोरी जराशी लांब राहिली आणि माउथपीस ओठांच्या खाली आलं, की वाजवणारा नकळत हनुवटी पुढे काढून ते गाठतो. मग सॅक्सोफोनच्या जोडीला डोक्याचं वजनही मानेच्या स्नायूंना मागून ओढून धरावं लागतं. बऱ्याच जणांची मान दुखते ती यामुळेच.

तेव्हा हार्नेस घेण्याआधी आहे त्याच पट्ट्यावर एक गोष्ट करून पाहा. सरळ उभे राहा, नजर समोर ठेवा, सॅक्सोफोन अडकवा आणि डोकं न हलवता माउथपीस तोंडाकडे आणा. ते थेट ओठांत यायला हवं. त्यासाठी मान बोटभरही पुढे किंवा खाली न्यावी लागली, तर दोरी आखूड करा. आठवडाभर असं वाजवून बघा. ही उंची चुकलेली असेल तर कितीही चांगला हार्नेस घातला तरी तीच मान दुखणार.

उंची बरोबर असूनही दुखत असेल, तर हार्नेस घ्याच. ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला, खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुलीसारखा किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखा जुळणारा मऊ पट्ट्यांचा. दुसऱ्यातही पट्टेच असतात, पण पाठीला एक-दोन ताठ पट्ट्यांचा आधार असतो, त्यामुळे भार पाठीवर पसरतो. तिसऱ्यात खांद्यांवरून येणारे दोन कडक बाहू असतात आणि पोटाशी टेकणारी एक गादी. मानेला त्याचा स्पर्शच होत नाही. उभ्याने दोन तास टेनर वाजवणाऱ्याने दुसरा किंवा तिसरा प्रकार आधी घालून पाहावा, असं आम्ही सांगू. बसून वाजवणं जास्त असेल तर तिसरा प्रकार घेताना सांभाळा. बसल्यावर पोटाची गादी वर सरकते, तिची मापं पुन्हा बसवावी लागतात आणि ते दर वेळी कंटाळवाणं होतं.

निओप्रीनच्या, म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांबद्दलही विचारलं जातं. ते घातल्यावर सॅक्सोफोन हलका वाटतो, पण वजन तेवढंच असतं. ताण फक्त धक्के शोषतो. आणि त्याच ताणामुळे चालताना, वळताना वाद्य वरखाली होतं, तोंडातलं माउथपीस हलतं, वरच्या दातांवर आदळतं. जागेवर उभं राहून वाजवणाऱ्याला चालेल. चालत वाजवणाऱ्याने न ताणणारा पट्टा घ्यावा.

आता पट्ट्यांचा हार्नेस बसवायचा कसा. सुरुवात मागून करायची, पुढून नाही. पाठीवरचा सांधा दोन्ही खवाट्यांच्या मध्ये यायला हवा. तो मानेजवळ चढला तर दोन्ही पट्टे मानेच्या कडांवर रुततात आणि तुम्ही पुन्हा गळपट्टाच घातल्यासारखं होतं. फार खाली गेला तर पट्टे खांद्यांवरून बाहेर घसरतात, दंडाला लागतात आणि हात उचलताना अडथळा होतो. पट्टा मान आणि खांद्याचं टोक यांच्या साधारण मध्यावर, मांसल भागावर सपाट बसावा. कडेवर उभा राहिला तर काचणारच. पाठ अशी बसली की मगच पुढच्या दोरीने माउथपीसची उंची ठरवा. बहुतेक जण उलटं करतात, पुढची दोरी आधी ओढतात, मग पाठ खेचत बसतात आणि दोन्ही बिघडतं.

घरी पहिल्यांदा घालाल तेव्हा गादीजवळ किंवा जाड सतरंजीवर उभे राहा. नेक (वरची वाकडी नळी), माउथपीस, रीड (त्यावरची पातळ पट्टी) सगळं लावलेलं असू द्या. हुक अडकवून भार हळूहळू सोडा, दोन्ही तळवे वाद्याखाली पण न टेकवता ठेवा. एक-दोन मिनिटं तसंच. मग स्लायडरच्या, म्हणजे दोरी लांब-आखूड करणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या, कडेला दोरीवर खडूची खूण करा आणि वीस मिनिटं वाजवा. त्यात सगळ्यात खालचा स्वर, बी फ्लॅटही येऊ द्या आणि पामकीने (तळव्याने दाबायच्या कीने) वाजणारे वरचे स्वरही, कारण हाताची जागा तिथे सर्वात जास्त बदलते. शेवटी खूण पाहा. ती स्लायडरपासून सरकली असेल तर तो हार्नेस परत करा. नवी असताना अर्धा सेंटीमीटर घसरणारी दोरी सहा महिन्यांनी हातभर घसरते.

हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील, तर हार्नेसची वाट पाहू नका. वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे, अल्टो शिकते. बाजारातले हार्नेस तिला मोठे होतात. माप कसं घ्यावं?

उत्तर : वय आणि उंची बाजूला ठेवा, धड मोजा. अल्टो २.५ किलोच्या आसपास असतो, म्हणजे लहान मुलासाठी बराच जड. आणि मुलाचं धड आखूड असल्यामुळे हुक छातीच्या बरंच जवळ यावं लागतं. मोठ्यांच्या हार्नेसची दोरी पूर्ण आखडली तरी तेवढी आखूड होत नाही. मग मूल मान खाली घालून वाजवायला शिकतं आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

माप घ्यायला दोघं लागतात. मुलीला सरळ उभी करा. एकाने पूर्ण जोडलेला सॅक्सोफोन धरून माउथपीस तिच्या ओठांशी बरोबर आणावं. दुसऱ्याने टेपने, गळ्याच्या खाली दोन हाडांमध्ये जो खळगा असतो तिथपासून वाद्याच्या पाठीवरच्या कडीपर्यंतचं अंतर मोजावं. हार्नेस घालून दाखवताना हुक त्याच खळग्यापासून तेवढ्याच अंतरावर यायला हवा, आणि दोरी आणखी ५ सेंटीमीटर आखूड आणि ५ सेंटीमीटर लांब होण्याची जागा उरायला हवी. आखूड होण्याची जागा जाड कपडे काढले की उपयोगी पडते, लांब होण्याची मूल वाढलं की. टेनरला हेच अंतर जास्त असतं, म्हणून घरातल्या मोठ्याचा टेनरचा पट्टा मुलीला देऊ नका.

प्रश्न : चांगला हार्नेस घेतला, मान सुटली, पण उजव्या अंगठ्याचं मूळ अजून दुखतं. असं का?

उत्तर : दोरी अजून लांब आहे. उजव्या अंगठ्याचा हुक वाद्य उचलण्यासाठी नसतो. अंगठा वाद्याला हलकेच पुढे ढकलतो आणि जागेवर ठेवतो, भार मात्र सगळा दोरीने घ्यायचा. तपासायला वाजवण्याच्या स्थितीत उजवा अंगठा क्षणभर काढून घ्या, डाव्या हाताने फक्त तोल सांभाळा. वाद्य खाली गेलं तर दोरी कमी करा. नुसतं कलंडलं, खाली गेलं नाही, तर उंची ठीक आहे.

पुष्कळ सॅक्सोफोनांवर अंगठ्याचा हुक एका स्क्रूवर सरकतो. स्क्रू सैल करून तो असा बसवा की अंगठा नखाच्या मुळाशी टेकेल आणि पहिली दोन बोटं कीजवर आपोआप पडतील. आणखी एक, काही वाद्यांवर पट्ट्याच्या कडीऐवजी तीन भोकांची पट्टी असते. प्रत्येक भोकात हुक अडकवून पाहा. ज्या भोकात माउथपीस जोर न लावता तोंडाकडे येतं, ते तुमचं भोक.

प्रश्न : बसून वाजवताना हुक कडीतून आपोआप निघाला. सॅक्सोफोन मांडीवर होता म्हणून वाचला. हुक सदोष आहे का?

उत्तर : सदोष असेलच असं नाही. हुक उघडा असणार. उघड्या हुकाला कडीत धरून ठेवतं ते फक्त वाद्याचं वजन. तुम्ही बसता, वाद्याचा खालचा भाग मांडीला किंवा खुर्चीच्या कडेला टेकतो, दोरी सैल पडते. सैल पडलेला हुक थोडा कलतो, कडी त्याच्या तोंडापर्यंत सरकते, आणि तुम्ही पान उलटायला वाकलात की ती बाहेर. तेव्हा काहीच जाणवत नाही. कळतं ते पुन्हा उभं राहताना, भार दोरीवर येतो असं गृहीत धरून हात सुटल्यावर.

म्हणून आमचं ठाम मत आहे की हुक झडपेचाच घ्यावा, स्प्रिंगने मिटणारा. मिटताना टक असा आवाज आला पाहिजे आणि अडकवल्यावर दोरी सैल सोडून वाद्य हलवलं तरी कडी झडपेपाशी अडली पाहिजे. विकत घेताना वाद्य बरोबर न्या, कारण जुन्या सॅक्सोफोनांच्या काही कड्या इतक्या लहान असतात की जाड हुक त्यात जातच नाही, किंवा जातो पण झडप पूर्ण मिटत नाही. अर्धवट मिटलेली झडप उघड्या हुकाहून वाईट, कारण तिच्यावर आपण विसंबतो.

धातू की प्लास्टिक? नुसता पोलादी हुक पितळी कडी झिजवतो. कडीच्या आतल्या बाजूने, वरच्या कमानीवर नख फिरवा. खाच लागली तर हुक तिथे घासतो आहे. खाच कडीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून नवी कडी डाखून घ्या. प्लास्टिकचं आवरण असलेला धातूचा हुक सर्वांत चांगला, तो वाजतही नाही. पूर्ण प्लास्टिकचा असेल तर महिन्यातून एकदा उजेडात वाकवणीवर पाहा. पांढरट रेघ दिसली की तो फेकून द्या. प्लास्टिक तुटण्याआधी तिथेच पांढरं पडतं.

हुकाबरोबर शिवणही बघा. पट्टा जिथे हार्नेसच्या कडीला वळवून शिवलेला असतो, तिथे दोन-तीन धागे जरी उसवले असतील तरी वापर थांबवा. आणि केसमध्ये काही ठेवायला वाकताना वाद्य कधीच पट्ट्यावर लोंबू देऊ नका. एक हात बेलवर, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडावर, हवाच.

प्रश्न : हार्नेसचे पट्टे छातीवर दाबतात आणि श्वास अपुरा पडतो. बायकांसाठी वेगळा हार्नेस असतो का?

उत्तर : असतो. त्यात पुढचे पट्टे छातीच्या वरच, गळ्याखाली एकत्र येतात आणि तिथून एकच दोरी मधून खाली जाते. सरळ खाली उतरणारे दोन पट्टे टाळा. कडक बाहूंचा प्रकारही अनेकींना सोयीचा पडतो, कारण बाहू छातीपासून दूर राहतात.

श्वासाचं म्हणाल तर ते सगळ्यांनाच लागू आहे. कंबरेला किंवा बरगड्यांभोवती आडवा पट्टा असेल, तर तो श्वास सोडून आवळू नका. पूर्ण श्वास भरा, बरगड्या फुगू द्या, मग आवळा, आणि तरी दोन बोटं आत जातील एवढी जागा ठेवा. एक लांब स्वर हार्नेस घालून आणि एक काढून, वाद्य कुणाला तरी धरायला लावून, घड्याळ लावून वाजवा. घातल्यावर तो स्पष्टपणे आधी संपत असेल तर पट्टा घट्ट आहे.

प्रश्न : अल्टोवरून बॅरिटोनवर जायचं आहे. जुना हार्नेस चालेल?

उत्तर : सॅक्सोफोनचा निर्माता अडॉल्फ साक्स याने १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलं तेच मुळी लहान-मोठ्या वाद्यांच्या एका घराण्यासाठी. त्यामुळे बोटं तुम्हाला नव्याने शिकावी लागणार नाहीत. वजन मात्र दुपटीहून जास्त, साधारण ५.५ ते ६.५ किलो, आणि खालचा ए स्वर असलेली मॉडेल त्यातही जड. अल्टोच्या हार्नेसचे अरुंद पट्टे खांद्यात रुततील आणि स्लायडरची पकडही पुरणार नाही. किमान चार बोटं रुंद, आतून गादी असलेले पट्टे, पाठीला आधार आणि धातूच्या झडपेचा हुक, एवढं तरी हवं. बसून वाजवणार असाल तर वाद्याच्या खालच्या टोकाला लावायची दांडी किंवा स्टँड घ्या, म्हणजे भार जमिनीवर जाईल आणि हार्नेसला फक्त तोल सांभाळायचा राहील.

प्रश्न : हार्नेसला घामाचा वास येतो. धुवावा का?

उत्तर : निओप्रीन आणि कापडाचा असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. मशीनमध्ये टाकलात तर आतला फोम चुरगळतो. कातड्याचा असेल तर ओल्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका, ताठर होऊन चिरतो. धुतल्यावर दोरी पूर्ण वाळल्याशिवाय वाद्य अडकवू नका. ओली दोरी स्लायडरमधून घसरते.