अश्वगंधा: खेळाडूंचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: वय ३४. चार महिन्यांपासून जिमला जातो, शिवाय हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू आहे. जिममधले बरेच जण अश्वगंधाच्या कॅप्सूल घेतात. ताकद दुप्पट होते, अंगदुखी राहत नाही, असं सांगतात. यात शास्त्रीय तथ्य किती? आणि घ्यायचीच तर घरचं चूर्ण चालेल की कॅप्सूलच हवी? (एक वाचक, पुणे)

उत्तर: तथ्य आहे, पण ‘दुप्पट’ म्हणण्याइतकं नाही. ताकदीच्या बाबतीत ज्याचा दाखला सर्वांत जास्त दिला जातो, तो अभ्यास २०१५ मधला, भारतातला. १८ ते ५० वयोगटातले, वजनं उचलण्याचा फारसा सराव नसलेले ५७ पुरुष त्यात होते. निम्म्यांना मुळाच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा दिली, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. आठ आठवडे दोघांनीही सारखाच व्यायाम केला. बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर उताणं पडून वजन वर ढकलण्यात, अश्वगंधा गटाने उचललेलं वजन सरासरी ४६ किलोंनी वाढलं, दुसऱ्या गटाचं २६.४ किलोंनी.

हा दुसरा आकडा नीट बघा. काहीही न घेणाऱ्यांचीही २६ किलोंची वाढ झाली, कारण नवख्या माणसाची ताकद पहिल्या दोन महिन्यांत झपाट्याने वाढतेच. त्याच अभ्यासात पायांच्या लेग एक्स्टेन्शनमध्ये वाढ होती १४.५ किलो विरुद्ध ९.८ किलो, म्हणजे फरक पाच किलोंहून कमी. गट लहान होते आणि कॅप्सूल उत्पादक कंपनीने पुरवल्या होत्या. म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण तीन-चार वर्षं वजन मारणाऱ्याला एवढा फायदा मिळेल असं त्यावरून म्हणता येत नाही. तुमची चारच महिने झाली आहेत, तेव्हा तुमची वाढ मुख्यतः व्यायामानेच होणार आहे.

धावण्याच्या बाजूने पुरावा थोडा बरा आहे. अमृतसरला ४० सायकलपटूंपैकी निम्म्यांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिल्यावर त्यांची व्हीओ-टू-मॅक्स, म्हणजे शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, वाढली. असे अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये काढलेली सरासरी वाढ होती दर किलो वजनामागे, दर मिनिटाला ३ मिलिलिटर. मात्र अनिश्चिततेचा पट्टा ०.१८ पासून ५.८२ पर्यंत पसरलेला आहे. म्हणजे खरा फायदा नगण्यही असू शकतो आणि भरघोसही. शिवाय क्षमता वाढली म्हणजे २१ किलोमीटरची वेळ त्याच प्रमाणात कमी होईल, असं नाही. तिथे वेग सांभाळणं, पाणी आणि लांब पल्ल्याचा सराव यांचा वाटा मोठा.

अंगदुखीबद्दल: व्यायामानंतर स्नायूंना होणाऱ्या इजेचं मोजमाप रक्तातल्या क्रिएटिन कायनेज या एन्झाइमवरून करतात. त्यात थोडा फरक दिसला आहे, पण ‘दुखतच नाही’ असं कुणी दाखवलेलं नाही. आमच्या मते व्यायामाची झीज भरून निघण्यात अश्वगंधाचा खरा उपयोग झोपेच्या वाटेने होत असावा. पाच चाचण्यांच्या २०२१ मधल्या एकत्रित विश्लेषणात झोपेत लहान पण निश्चित सुधारणा दिसली, आणि ती दिवसाला ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त, आठ आठवडे किंवा जास्त घेणाऱ्यांत अधिक होती. तुम्ही रोज साडेपाच तास झोपत असाल तर आधी झोपेचे तास वाढवा. कॅप्सूल तो तोटा भरून काढणार नाही.

आता चूर्ण की कॅप्सूल. इथे बहुतेकांची गफलत होते. अभ्यासांत बहुधा अर्क वापरलेला असतो, चूर्ण नव्हे. अर्काच्या डबीवर ‘विथॅनोलाइड्स (अश्वगंधातले मुख्य सक्रिय घटक) ५ टक्के’ असं छापलेलं असेल तर ६०० मिलिग्रॅममधून ३० मिलिग्रॅम विथॅनोलाइड्स मिळतात. साध्या मुळात त्यांचं प्रमाण कमी असतं. ०.३ टक्के धरलं तर ५ ग्रॅम चूर्णातून १५ मिलिग्रॅम. आयुर्वेदिक औषधकोशातली चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे, तेव्हा चूर्ण घेणं चुकीचं नाही. पण ‘अर्धा ग्रॅम चूर्ण म्हणजेच ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल’ हा हिशेब सपशेल चुकतो. चमच्याने मोजू नका, दळण्याच्या बारकाव्यावर वजन बदलतं. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर एकदा मोजून घ्या. दूध चालेल, पाणीही चालेल. जेवणानंतर घेतल्यास पोटाला सोपं जातं.

डबी घेताना लेबलवर तीन गोष्टी शोधा: मूळ वापरलं आहे की पान, अर्कात विथॅनोलाइड्स किती टक्के, आणि बॅच क्रमांक. ‘अश्वगंधा ५०० मिलिग्रॅम’ एवढंच लिहिलेलं असेल तर आत अर्क आहे की नुसतं चूर्ण, ते कळायला मार्ग नाही. ती डबी दुकानातच ठेवून द्या. पानांचा वापर टाळण्याची सूचना आयुष मंत्रालयानेही उत्पादकांना दिलेली आहे.

घेऊन बघायचंच असेल तर नवा व्यायाम आणि नवी कॅप्सूल एकाच दिवशी सुरू करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. आधी दोन आठवडे काहीही न घेता रोज सकाळी अंथरुणातच नाडीचे ठोके, झोपेचे तास आणि ठरावीक पाच किलोमीटरची वेळ वहीत लिहा. मग आठ आठवडे ३०० मिलिग्रॅम सकाळी आणि ३०० रात्री, बाकी सगळं जसंच्या तसं. वहीत फरक दिसला नाही तर पैसे अंड्यांवर, डाळींवर खर्च करा. आणि ताकद हाच हेतू असेल तर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिनचा (ताकदीसाठी घेतली जाणारी पूड; वरच्या क्रिएटिन कायनेजहून वेगळी) पुरावा अश्वगंधापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

प्रश्न: मुलगा १६ वर्षांचा, कोल्हापुरात तालमीत कुस्ती करतो. वस्तादांनी दुधातून अश्वगंधाची पूड द्यायला सांगितली आहे. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पातळीवर खेळायची आशा आहे. उत्तेजकांच्या चाचणीत काही अडचण येईल का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर: अश्वगंधा जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत नाही. धोका आहे तो भेसळीचा. ताकद वाढवणारी म्हणून विकली जाणारी पूड, विशेषतः सुटी किंवा लेबल नसलेली, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं नाही याची खात्री कोण देणार? नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला तर ‘मला ठाऊक नव्हतं’ या उत्तराने खेळाडू सुटत नाही; जबाबदारी त्याचीच, आणि बंदी चार वर्षांपर्यंतची असू शकते. मोठ्या स्पर्धेत उतरणाऱ्याने प्रत्येक बॅच तपासलेलं, ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’सारखं प्रमाणपत्र असलेलं उत्पादनच घ्यावं, आणि त्याची पावती व रिकामी डबी जपून ठेवावी.

पण मुलाला मुळात देऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर सांगितलेले अभ्यास प्रौढांवरचे आहेत. टेस्टोस्टेरॉन आणि थायरॉइडच्या हार्मोन्सवर परिणाम करणारी गोष्ट वाढीच्या वयात महिनोन्‌महिने देण्याला आधार नाही. दूध, बदामाची थंडाई, पोटभर भाकरी, आणि रात्री नऊ तास झोप हा खुराक त्याला पुरेल. वस्तादांशी आदराने बोला, ते नक्की समजून घेतील.

प्रश्न: पोलीस भरतीची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आली आहे. १६०० मीटरसाठी आता सुरू केली तर चालेल का? (एक उमेदवार, बीड)

उत्तर: नको. अभ्यासांत फरक दिसला तो आठ ते बारा आठवड्यांनी. तीन आठवड्यांत हाती काही लागायचं नाही, उलट काहींना पहिल्या दिवसांत जुलाब आणि झापड येते. आता नवीन काहीही पोटात घालू नका. धाप नेहमीपेक्षा लवकर लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

प्रश्न: थायरॉइडची गोळी चालू आहे, योगासनं आणि पोहणं करते. मी घेऊ शकते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अश्वगंधामुळे थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. गोळीबरोबर ते जास्त झालं तर छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असा त्रास होतो. गरोदर स्त्रियांनी अश्वगंधा टाळावी. झोपेच्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी विचारावं.

एक गोष्ट मात्र घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. क्वचित, पण यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत त्यांना त्रास झाला होता. अंगाला खाज, लघवी गडद, डोळे पिवळे, जेवणावरची वासना गेली, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा. डबी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि यकृताच्या रक्ततपासणीबद्दल विचारा.