बाकूच्या बाजारातले आकडे

प्रश्न: मुलाची नोकरी बाकूला आहे. मी तीन महिने त्याच्याकडे राहणार आहे. निदान भाजी घेण्यापुरते अझरबैजानी आकडे कसे शिकू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, जरूर शिका. मी तिथे राहत असताना याशिल बाजारात आकड्यांमुळेच माझ्या ओळखी झाल्या. आधी दहापर्यंत पाठ करा: बिर, इकी, उच, दॉर्द, बेश, आल्ती, येद्दी, सॅक्किझ, दोक्कुझ, ओन. 'उच'मधला स्वर देवनागरीत नीट उतरत नाही. ओठ 'उ'सारखे गोल करा आणि आतून 'ई' म्हणा.

पुढे फार सोपं आहे. अकरा म्हणजे ओन बिर, बारा म्हणजे ओन इकी. आपल्या मुलांना एकोणसाठ, एकोणसत्तर घोकावे लागतात, तसं तिथे काहीच नाही; दशक म्हणा, पुढे एकक जोडा. मेहनत घ्यायची ती इयिर्मी (20), ओतुझ (30), गिर्ख (40) आणि ॲल्ली (50) यांवर, कारण त्यांचा दोन-तीन-चार-पाचशी मेळ लागत नाही. साठपासून मात्र लागतो: आल्तमिश, येतमिश, सॅक्सॅन, दोख्सान. शंभर म्हणजे युझ.

आकड्यापुढचं नाम एकवचनीच ठेवा. पाच सफरचंदं म्हणजे 'बेश आल्मा'. भाव विचारायला 'नेचॅयॅदिर?' म्हणा. उत्तर 'मनात' आणि 'गॅपिक' या तिथल्या चलनात येईल. एका मनातचे 100 गॅपिक. विक्रेते भराभर बोलतात, म्हणून ऐकलेला आकडा मोठ्याने परत म्हणा. चुकलात तर ते प्रेमाने सुधारतात, आणि तसा सुधारलेला आकडा पक्का लक्षात राहतो.