माझी लोटस एलिस (हलकी स्पोर्ट्स कार) अधूनमधून ट्रॅकवरही जाते, तिचं मागचं सस्पेन्शन अपग्रेड करायचंय, आधी कॉइलओव्हर घेऊ का पॉलीबुश?

अधूनमधून ट्रॅकवर नेता म्हणताय ना, मग कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर एकत्र) आणि पॉलीबुश (रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश) दोन्ही नंतर, आधी मागच्या टो लिंक बदला. मागच्या चाकाची दिशा ती बारीकशी दांडी धरून ठेवते आणि मूळ डिझाइनमध्ये तिचा आतला बॉल जॉइंट एकाच बाजूने धरलेला असतो, म्हणजे त्या जॉइंटचा स्टड (खिळीसारखा दांडा) वाकवायचा सगळा जोर तिथेच येतो, चिकट टायर लावले की अजून जास्त. तो तुटला तर चाक भलतीकडेच वळतं आणि गाडी गरकन फिरते, सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून किट घेताना रंग, चमक काही बघू नका, जॉइंट दोन्ही बाजूंनी पकडलाय का म्हणजे डबल शिअर आहे का एवढं आधी बघा. रोझ जॉइंटवालं (उघड्या धातूच्या बॉल जॉइंटचं) घेतलंत तर वर रबरी बूट म्हणजे टोपणं हवीतच, नाहीतर माती-पाणी शिरून लवकर खुळखुळायला लागतात. अधूनमधून गाडी जॅकवर घेऊन चाक डाव्या-उजव्या कडेला धरून हलवून बघत जा, जरा जरी प्ले म्हणजे सैलपणा लागला तरी ट्रॅकवर नेऊ नका.

कॉइलओव्हर घ्याल तेव्हा कडक स्प्रिंगच्या मागे लागू नका हो, एवढ्या हलक्या गाडीत त्याने चाक खड्ड्यावरून उडतं आणि ग्रिप जाते. पॉलीबुश सगळ्यात शेवटी.

आणि टो लिंक बदलल्यावर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी पळवायची नाही, मागे थोडा टो-इन (चाकांची पुढची कड किंचित आत), दोन्ही बाजूंना सारखा.