सगळ्या सिरियलींना अवॉर्ड मिळतंच कसं?

प्रश्न : परवा सासूबाईंसोबत चॅनलचा अवॉर्ड सोहळा पूर्ण बघितला, चार तास! फेव्हरेट सून, फेव्हरेट सासू, फेव्हरेट जोडी, प्रत्येक सिरियलला काहीतरी मिळालंच. हे खरं असतं का हो? आणि समीक्षकांना आवडतं ते आमच्या घरी कोणीच का बघत नाही?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : अहो ताई, ते घरचं हळदीकुंकू आहे, आलेल्या प्रत्येकीला वाण मिळणारच! झी मराठी काय, स्टार प्रवाह काय, आपापल्या सोहळ्यात आपल्याच मालिकांना बक्षिसं देतात, दुसऱ्या चॅनलची सून तिथे नॉमिनेशनलाच नसते, मग हरणार कोण? लोकांची मतं घेतात ते ठीक, पण ती घरातल्या घरातच. चॅनलला खरी धाकधूक असते ती गुरुवारी, बार्कचा, म्हणजे कोण किती बघतं ते मोजणाऱ्या संस्थेचा, टीआरपी येतो तेव्हा.

बाहेर तरी कुठे सगळं आलबेल आहे? अमेरिकेत एमीला, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या मोठ्या अवॉर्डला, टेलिव्हिजन अकॅडमीचे मेंबर, म्हणजे त्याच धंद्यातले लोक मतं देतात, तरी ‘बेटर कॉल सॉल’ या सिरियलला 53 नॉमिनेशन्स मिळून एमी एकही नाही, आणि समीक्षक मात्र तिच्यावर फिदा. आपली ‘दिल्ली क्राइम’ 2020 मध्ये इंटरनॅशनल एमी जिंकली, ती बघा एकदा, शेफाली शाहसाठी तरी. फक्त सासूबाईंच्या जेवणाच्या वेळेला लावू नका, विषय फार जड आहे.

बाकी डान्स बघायला सोहळे झकास असतात, मीही बघतो.