उचल म्हणजे उत्पन्न नव्हे

सदर : दारावरचे प्रश्न
(31 वर्षं घरोघर फिरून सरकारी पाहण्यांचे तक्ते भरलेल्या निवृत्त क्षेत्र अन्वेषक ताई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी गावातल्या 30 घरांचा फॉर्म भरायचा आहे. पहिलंच घर आमचं घेतलं आणि 'कुटुंबाचे मासिक उत्पन्न' या रकान्यापाशी अडले. आईबाबा ऊसतोडीला जातात. दसऱ्याआधी मुकादमाकडून 1 लाख 20 हजार उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम घेतली, ती मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या देण्यात गेली. बाकी दोन एकर कोरडवाहू, शेळ्या आणि मिळेल तशी मजुरी. महिन्याला किती लिहू?
— एक वाचक, ता. आष्टी, जि. बीड

उत्तर : तू माझ्या नातीच्या वयाची, म्हणून अगंतुगं करते. तू जिथे अडलीस तिथे मीही अडले होते, आणि तुझ्यापेक्षा वाईट पद्धतीने. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका घरात उचलीची सगळी रक्कम मी उत्पन्नात टाकून मोकळी झाले. घरातली बाई परातीत भाकरी थापत होती. मी मोठ्याने वाचून दाखवलं, तशी तिचा हात थांबला. म्हणाली, "बाई, ते आमचं कुठंय? ते तर अजून तोडायचंय." गावाचं नाव सांगणार नाही, माहिती गुप्त ठेवायचं वचन देऊनच आम्ही उंबरा ओलांडत असू. पण त्या दिवसापासून उचल मी कर्जाच्या रकान्यात लिहायला लागले. तूही तिथेच लिही.

उत्पन्न म्हणजे उचल फेडायला आईबाबा जेवढा ऊस तोडतात त्याची मजुरी. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे 366 रुपये झाला. तुझ्या पत्रावरून ते डोकी सेंटरला दिसतात, म्हणजे गाडीबैल नाही, मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक भरायचा. एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोच्या जोडीने, दिवसाला दोन टन धर. झाले 732 रुपये. कारखान्याचा बॉयलर पेटल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगामभरात, खाडे वजा जाता 130 दिवस भरले, तर 95 हजार 160. उचल 1 लाख 20 हजार. म्हणजे हंगाम संपून कोपी, म्हणजे राहायची खोप, मोडली तेव्हा 24 हजार 840 रुपये अंगावर राहिले, आणि बाजाराला म्हणून मुकादमाकडून अधूनमधून घेतलेली खर्ची त्यावर वेगळी. ते पुढच्या सालाच्या उचलीतून वळते होणार. आणि 732 हे दोन माणसांचे आहेत. रात्री दोनला गाडी भरायला उठलेल्या आईच्या वाट्याला 366 येतात, तेही हिशेब बाबांच्या नावावर.

आता बाकीचं, तू दिलेल्या आकड्यांवरूनच. उडीद विकून खर्च वजा जाता 15 हजार. आईची खुरपणी 40 दिवस, 300 प्रमाणे 12 हजार. बाबा गवंड्याच्या हाताखाली 50 दिवस, 500 प्रमाणे 25 हजार. बकरी ईदला दोन बोकड, 18 हजार. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले पैसे तू लिहिले नाहीस, आईला विचार. ते बहुधा तिच्याच कनवटीला असतात. घरी खाल्लेल्या बाजरीलाही किंमत असते, ती बाजारभावाने धर. ते दोन्ही सोडले तरी वर्षाचे 1 लाख 65 हजार 160, भागिले 12, म्हणजे 13 हजार 763. पीएम किसानचे आणि नमो शेतकरीचे वर्षाला सहा-सहा हजार घराला येत असतील तर वेगळ्या ओळीत लिही, यात मिसळू नकोस.

गंमत बघ. नाबार्डच्या 2021-22 च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 13 हजार 661 आलं. वर्षं वेगळी आहेत, पण तुमचं घर सरासरीच्या मांडीला मांडी लावून बसलंय! ज्यांनी तो आकडा वाचला त्यांच्यापैकी कितीजणांच्या डोळ्यांपुढे कारखान्याच्या आवारातली कोपी आली असेल, कोण जाणे. म्हणून तुझ्या फॉर्ममध्ये 12 महिन्यांचे 12 रकाने पाड. कुठल्या महिन्यात हातात काय आलं ते भर. दसऱ्याला लाख आणि जूनमध्ये शून्य, असं दिसेल. बियाणं नेमकं जूनमध्येच घ्यायचं असतं.

एक सावधगिरी. तहसीलच्या दाखल्यावरचा आकडा या फॉर्मात उतरवू नकोस. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे म्हातारीच्या निराधार पगारासाठी 21 हजारांचा दाखला, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी दुसरा आणि ट्रॅक्टरच्या कर्जाच्या फाइलीत पाच लाख, तिन्ही एकाच ट्रंकेत. लोक खोटारडे असतात असं नाही. जो जेवढं विचारतो, त्याला तेवढं सांगतात.

प्रश्न : माझी सहा एकर सोयाबीन. काढणीला माणूस मिळत नाही, एकरी साडेचार हजार गुत्तं देऊन बाहेरची टोळी आणली. आणि माझाच बी.कॉम. झालेला 27 वर्षांचा मुलगा 'काम नाही' म्हणून घरी बसलाय. माणूस नाही हे खरं की काम नाही हे खरं?
— एक शेतकरी, ता. बार्शी, जि. सोलापूर

उत्तर : दोन्ही खरं. तुमची काढणी 15 दिवसांची, आणि तेच 15 दिवस सगळ्या शिवाराचे. तेवढ्या दिवसांसाठी गावात वर्षभर कोण थांबणार? मुलाने तुमच्या टोळीत उभं राहून रोज 500 कमावले, तरी साडेसात हजार झाले. तेवढ्यावर मुलगी देणारा सासरा बार्शीत मला तरी भेटला नाही. तो रोजंदारी टाळत नसेल, 'शेतीच करतो' हा शिक्का टाळत असेल. त्याला आळशी म्हणण्याआधी हे बघा.

आमच्या तक्त्यात मात्र तो बेकार नसेल. आठवडी पद्धतीत मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. टोळीला पाणी देऊन आला, मळणीला पोती धरली, झाला रोजगारात. 'बेरोजगारी घटली' अशी बातमी वाचून तुम्ही पेपर आपटत असाल, त्याचं एक कारण हे. आणि तुमच्या तालुक्याची खरी टक्केवारी माझ्याकडे मागू नका. या नमुना पाहण्यांतून तालुक्याचा आकडा निघत नाही; कुणी छातीठोकपणे सांगितला तर कुठून आणला ते विचारा.

तुमचं खरं दुखणं मला दुसरंच दिसतं. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4 हजार 892, आणि तुम्ही लिहिता हातात पडले 4 हजार 100. म्हणजे एकरामागे एक क्विंटलहून जास्त सोयाबीन नुसत्या काढणीत गेलं, मळणी वेगळीच. हे तुमच्या एकट्याचं नाही. 2012-13 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाला महिना 6 हजार 426 मिळत होते, त्यात पिकाचे 3 हजार 81 आणि मजुरी-पगाराचे 2 हजार 71. 2018-19 ला एकूण 10 हजार 218 झाले, पण पिकाचे 3 हजार 798 आणि मजुरी-पगाराचे 4 हजार 63. सहा वर्षांत पारडं फिरलं. शेतकरी म्हणवणाऱ्या घराला पिकापेक्षा मजुरी-पगारातून जास्त मिळायला लागलं. महाराष्ट्राचं एकूण तेव्हा 11 हजार 492 होतं. आणि हे सगळं खिशातून गेलेला खर्च वजा करून. घरच्यांची मेहनत, घरचं बियाणं यांची किंमत वजा केली की देशाचे 10 हजार 218 चे 8 हजार 337 राहतात.

तेव्हा मुलगा बार्शीच्या एखाद्या दुकानात हिशेब लिहायला 12 हजारांवर लागत असेल तर जाऊ द्या. शेत सुटलं असं मनाला लावून घेऊ नका. त्या पगारावर तुमचं शेत तगेल.

प्रश्न : लाडकी बहीणचे 1500 रुपये कुटुंबाच्या उत्पन्नात धरायचे का? मिस्टर म्हणतात धरा, मी म्हणते ते माझे आहेत.
— एक गृहिणी, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर

उत्तर : हिशेबात धरा, वेगळ्या ओळीत. ओळीपुढे तुमचं नाव लिहा. मिस्टरांना हेही विचारा, की गोठ्यातलं तुमचं काम ते कुठल्या ओळीत धरतात? तुम्ही पत्राखाली 'गृहिणी' लिहिलंत म्हणून म्हणते.

ग्रामीण भागात 15 वर्षांवरच्या बायकांपैकी कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या 2017-18 ला 24.6 टक्के होत्या, त्या 2023-24 ला 47.6 टक्के झाल्या. यातल्या बऱ्याचजणी घरच्याच शेतात-गोठ्यात बिनपगारी राबणाऱ्या आहेत. यातलं काम किती वाढलं आणि मोजणं किती सुधारलं, यावर जाणत्यांमध्ये अजून वाद आहे. माझ्याजवळ एक दुपार आहे, तेवढी सांगते.

तुमच्याच भागातलं घर. बाई विळ्याने जनावरांचा घास कापत होती. विचारलं, काय काम करता? "काही नाही, घरीच असते." मी 92 हा आकडा लिहिला, म्हणजे फक्त घरकाम. मग पाणी पिता पिता विचारलं, धार कोण काढतं?

"मीच. दोन्ही टायमाला."

"शेण, वैरण?"

"मीच की."

"डेअरीला दूध कोण घालतं?"

"ते घालतात. बिल त्यांच्याच नावावर येतं."

दारात बसलेला नवरा म्हणाला, "मॅडम, वेळ कशाला घालवता, ती बसूनच असते." मी 92 खोडला आणि 21 लिहिला, म्हणजे घरच्या धंद्यात मदतनीस. खोडलेल्या आकड्यापुढे सही करावी लागते, तीही केली.