फायरिंगच्या नोटिशीपासून अग्निवीरपर्यंत, आपल्याला कुणी विचारतं का?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो की संरक्षण खातं पण कधीमधी धोरणाचा ड्राफ्ट लोकांपुढे टाकतं आणि सूचना मागवतं. त्या एका ओळीवर एवढी पत्रं न मेसेज आले की या महिन्याचं अख्खं सदर त्यातच गेलं, कलमांना खत कधी घालायचं वाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी नेव्हीत पंधरा वर्षं काढली खरी पण सेलर म्हणून, ॲडमिरल नव्हतो, त्यामुळे धोरणं ठरताना मला पण कुणी विचारलेलं नाही.

काका, आमची सहा सिलेंडरची नौका आहे. समुद्रात फायरिंग प्रॅक्टिस असली की नोटीस येते, पण आदल्या दिवशी संध्याकाळी, तोवर निम्म्या होड्या बाहेर गेलेल्या असतात. त्यात आकडे अक्षांश-रेखांशाचे, आणि आमचा तांडेल, म्हणजे नौकेचा कप्तान, म्हणतो मला वाव सांग, म्हणजे पाण्याची खोली, कुठल्या डोंगरासमोर ते सांग. आम्हाला विचारून तारीख का नाही ठरवत? – एक नौकामालक, हर्णै

दादा, आधी कडू सांगतो. फायरिंगची तारीख तुम्हाला विचारून ठरणार नाही, जहाज कुठलं मोकळं आहे, विमान कधी मिळतंय, हवा कशी आहे, यावर ते ठरतं आणि ते आधी गावभर सांगतही नाहीत. पण तारीख ठरल्यानंतर ती हर्णैच्या जेट्टीवर पोचायला किती वेळ लागतो हा सगळा वेगळा विषय आहे आणि तिथे तुमचं म्हणणं चालतं, चाललं पाहिजे.

बघा, जहाजांसाठीची समुद्रातली धोक्याची सूचना निघते ती देहरादूनहून, नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस तिथे आहे. समुद्राची वॉर्निंग हिमालयाच्या पायथ्यातून निघते हे मला नोकरीला लागल्यावर कळलं तेव्हा मी पण हसलो होतो. ती मोठ्या जहाजांना बरोबर पोचते कारण त्यांच्याकडे ती घेणारं यंत्र असतं. तुमच्यापर्यंत येते ती मत्स्यव्यवसाय खात्याकडून परवाना अधिकाऱ्याकडे, तिथून मच्छीमार सोसायटीकडे, सोसायटीतून फळ्यावर नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि मधे कुठेतरी शनिवार-रविवार आला की बसली. नक्की कुठे बसली हे कुणालाच माहीत नसतं, कारण कुणी लिहून ठेवत नाही.

तर तुम्ही लिहून ठेवा. एक वही घाला सोसायटीत, नोटीस कुठल्या तारखेची, आपल्याकडे किती वाजता आली, तेव्हा किती नौका बाहेर होत्या, कुणाला जाळं तोडून यावं लागलं. एका सीझनची वही झाली की सोसायटीचा ठराव करा आणि त्यात दोनच मागण्या टाका, पहिली म्हणजे नोटिशीसोबत साधा नकाशा द्या ज्यावर आपल्या खुणा असतील, आणि दुसरी, एक ऑगस्टनंतरचे पहिले आठ-दहा दिवस किनाऱ्याजवळचा पट्टा शक्यतो सोडा. जून-जुलैचे ६१ दिवस बंदी पाळून माणूस बाहेर पडतो, डिझेलची उधारी डोक्यावर असते, हे मुंबईत ऑफिसात बसलेल्याला सुचणार नाही, त्यात त्याची चूक पण नाही.

आणि देणार कुठे, तर कोस्ट गार्डवाले बंदरावर कम्युनिटी इंटरॅक्शनचा कार्यक्रम घेतात ना, लाईफ जॅकेट कसं घालायचं दाखवतात, चहा होतो, फोटो होतो, आपण माना डोलावून घरी येतो, तिथे द्या. एक प्रत मत्स्यव्यवसायच्या सहाय्यक आयुक्तांना, एक कलेक्टर ऑफिसला, पोच घेऊन. तुमच्या शब्दाला वजन का आहे सांगू? १९९३ ला हत्यारं न आरडीएक्स उतरलं ते दिघी न शेखाडीला, २००८ ला दहशतवादी आले ते कुबेर नावाच्या मासेमारी ट्रॉलरवरून. त्यानंतर बायोमेट्रिक कार्डं आली, किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांच्या सागर रक्षक दलाला हाताशी धरलं, पोलिसांचा १०९३ आणि कोस्ट गार्डचा १५५४ नंबर आला, २०१९ पासून सी व्हिजिल ही किनारा सुरक्षेची कवायत सुरू झाली. म्हणजे किनारा राखायला मच्छीमाराचे डोळे लागतात हे सरकारने मान्य केलंय, मग त्याच मच्छीमाराचं तोंड उघडलं तर ऐकायला हरकत काय.

सर, मी अकॅडमीत पहाटे पाचला पळतो, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत बसवलंय. अग्निपथ आणताना आमच्यासारख्यांना का नाही विचारलं? कॅनडात म्हणे संरक्षण धोरणावर पण लोकांची मतं घेतात. – एक विद्यार्थी, चिपळूण

घेतली होती. कॅनडाने २०१६ मध्ये एप्रिल ते जुलै लोकांकडून ऑनलाइन मतं मागवली, शहराशहरांत तज्ज्ञांना घेऊन बैठका केल्या, आणि जून २०१७ मध्ये नवीन धोरण छापलं. ब्रिटनने पण २०२५ च्या आढाव्यासाठी बाहेरून सूचना मागवल्या होत्या. पण एक लक्षात घे, तिकडे प्रश्न सरकारच ठरवतं, तू फक्त उत्तर देतोस, त्यामुळे अगदी हुरळून जाऊ नको.

आपल्याकडे असं आहे की कायदा करायचा असेल तर २०१४ च्या धोरणाप्रमाणे ड्राफ्ट निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा अशी अपेक्षा आहे, ती पण दरवेळी पाळली जातेच असं नाही. अग्निपथ हा कायदाच नव्हता, योजना होती, कॅबिनेटने मंजूर केली आणि १४ जून २०२२ ला टीव्हीवर सांगितली. चार वर्षं नोकरी, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम, वय साडेसतरा ते एकवीस. त्यानंतर देशभर काय पेटलं ते तू पाहिलंस. आणि दोन दिवसांत काय झालं, त्या वर्षापुरतं वय एकवीसचं तेवीस केलं. का? तर कोविडमुळे दोन वर्षं लष्कराची भरती झालीच नव्हती, पोरं ग्राउंडवर पळता पळता वयातून बाहेर गेली होती. आता हे कळायला गुप्तहेर लागत होते का रे? तुझ्या अकॅडमीच्या मास्तरांना फोन केला असता तर एका मिनिटात सांगितलं असतं. लोकांना विचारायचं ते याच्यासाठी, रणनीती शिकवायला नव्हे, तर फाईलीत जे नसतं ते कळायला. तेवढं विचारलं असतं तर बऱ्याच रेल्वे वाचल्या असत्या असं आपलं माझं मत.

योजना बरी का वाईट यात मी पडत नाही, माझ्या घरात त्यावर दोन पार्ट्या आहेत. कोर्टाचं म्हणशील तर दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ती वैध ठरवली आणि सुप्रीम कोर्टाने एप्रिलमध्ये त्यात बदल केला नाही.

पण संरक्षण खातं विचारतच नाही असंही नाही. शस्त्रखरेदीच्या नियमांचा ड्राफ्ट मार्च २०२० मध्ये वेबसाइटवर टाकला होता, लॉकडाऊन लागला त्याच महिन्यात, मग जुलैमध्ये सुधारून परत टाकला आणि १ ऑक्टोबरपासून नियम लागू झाले. संरक्षण उत्पादन न निर्यातीच्या धोरणाचा ड्राफ्ट आला ३ ऑगस्ट २०२० ला, मुदत १७ ऑगस्टपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, ते पण गणपतीच्या तोंडावर, आपल्याकडे तेव्हा चाकरमान्यांना क्वारंटाइन किती दिवस यावरच भांडणं चालू होती. सूचना पाठवल्या असतील त्या कंपन्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी. दार उघडं होतं, पण आपल्या आळीतून जाणारी वाट तिकडे नव्हती.

तुझ्यासाठी खरी जागा म्हणजे संसदेची संरक्षणाची स्थायी समिती, लोकसभेचे २१ न राज्यसभेचे १० असे ३१ खासदार असतात. दरवर्षी संरक्षणाचं बजेट ही समिती तपासते, २०२५-२६ चं ६ लाख ८१ हजार कोटींचं होतं, आणि खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारते. अहवाल वेबसाइटवर फुकट आहेत, कंटाळवाणे आहेत पण भरतीबद्दलचा भाग वाच. सदस्यांची यादी बघ, महाराष्ट्रातलं कुणी असेल तर त्याला एका पानात लिही, भाषण नको, ग्राउंडवर काय अडचण येते तेवढंच. पण आधी पळ, पत्र संध्याकाळी लिही.

मी निवृत्त सुभेदार. आमच्या महाड-मंडणगड भागात घरटी एक फौजी. अर्ज करून करून बोटं झिजली. माजी सैनिकाच्या अर्जाने कधी धोरण बदललंय का, खरं सांगा. – एक माजी सैनिक, मंडणगड

सुभेदारसाहेब, जय हिंद. बदललंय, पण किती वेळ लागतो ते ऐकून तुम्ही मलाच शिव्या घालाल.

वन रँक वन पेन्शन घ्या, म्हणजे सारखा हुद्दा न सारखी नोकरी असेल तर पेन्शन पण सारखी, निवृत्ती कधीची का असेना. मागणी जुनी, मोर्चे झाले, मेडल परत करून झाली, पण कागदावर ती घट्ट बसली ती एका याचिकेमुळे. राज्यसभेत याचिका समिती असते, तिच्यापुढे हा विषय गेला, दहा खासदारांची समिती, अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, हो तेच, आपले नंतरचे राज्यपाल. त्यांनी डिसेंबर २०११ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की ही पेन्शन द्या. नंतर २०१५ मध्ये निर्णय झाला, १ जुलै २०१४ पासून लागू, आणि दर पाच वर्षांनी फेरआढावा. नुसत्या याचिकेने झालं असं मी म्हणणार नाही, निवडणुकीने पण झालं. पण त्या अहवालातली व्याख्या पुढे प्रत्येक भांडणात लोक हातात धरून उभे राहिले, अगदी सुप्रीम कोर्टापर्यंत.

आणि तुमच्याच बाजूची गोष्ट सांगतो, ही तुम्हाला माहीत असेल पण पोरांना नसते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, फौजेतून १८८६ ला निवृत्त होऊन दापोलीला राहिले, तेव्हा दापोली म्हणजे पेन्शनर फौजींचा कॅम्पच. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा या माणसाने १८९४ मध्ये सरसेनापतींच्या नावे अर्ज लिहिला, आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी लढाया मारल्या आणि आता आम्हाला दार बंद का, या अर्थाचा. दापोलीतून लष्करी धोरणावर अर्ज, त्या काळात! लगेच काही हललं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर ती मोडली, आणि महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये बेळगावला. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळात होते, त्यांचे वडील तुमच्याच बाजूच्या आंबडव्याचे सुभेदार. हिशोब करा, त्या अर्जापासून सत्तेचाळीस वर्षं.

तुमचं वैयक्तिक पेन्शनचं काम असेल तर मात्र याचिकेच्या वाटेला जाऊ नका, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं आणि स्पर्श या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलचं काम आहे. सगळ्यांना लागू होणारी गोष्ट असेल तरच याचिका. राज्यसभेत सदस्यामार्फत याचिका मांडायची तर तिच्यावर त्या सदस्याची सही लागते, ती मिळवणं हेच अर्धं युद्ध.

देशाच्या संरक्षणात पब्लिकला कशाला विचारायचं? उद्या पाणबुडी किती खोल जाते ते पण विचाराल. – एक वाचक, अलिबाग

नाही विचारणार, मला माहीत असतं तरी सांगितलं नसतं. गुपित असेल तर माहिती नाकारायला माहिती अधिकारात कलम ८ आहेच, बीएसएफ, डीआरडीओ अशा काही संस्था तर कलम २४ खाली जवळजवळ बाहेरच ठेवल्यात, भ्रष्टाचार न मानवी हक्कांच्या तक्रारी सोडून. लष्कर, नेव्ही, एअरफोर्स त्या यादीत नाहीत बरं का. पेन्शन, भरती, कँटीन, जमीन, नोटीस यातलं काय गुपित आहे ते तुम्हीच सांगा.

आमच्या घरापासून काही अंतरावर दारूगोळ्याचा डेपो आहे. सेफ्टी झोन म्हणून बांधकामाला परवानगी नाही, बँक लोन देत नाही. घर आजोबांच्या काळातलं. आमचं ऐकायला कुणी बांधील आहे का? – एक घरमालक, रायगड जिल्हा

आहे, पण आधी तुमचं बंधन कुठल्या कागदाने आलंय ते शोधा, कारण दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक दोन्हीची खिचडी करतात, कधीकधी टेबलापलीकडचे पण.

एक म्हणजे १९०३ चा वर्क्स ऑफ डिफेन्स कायदा. यात राजपत्रात घोषणा लागते, २०००, १००० आणि ५०० यार्डांचे पट्टे असतात, कलेक्टरने जाहीर नोटीस काढून तुमचे दावे मागवायचे असतात आणि नुकसानभरपाईचा निवाडा करायचा असतो, तो पटला नाही तर कोर्टात जाता येतं. कायदा इंग्रजांचा असला तरी यात तुम्हाला विचारणं सक्तीचं आहे. दुसरा प्रकार संरक्षण मंत्रालयाच्या २०११ च्या परिपत्रकाचा, मुंबईतल्या आदर्श सोसायटीचं प्रकरण गाजल्यावर आलेला, २०१६ मध्ये त्यात अंतरं बरीच कमी केली. त्यात एनओसीचा, म्हणजे ना-हरकत दाखल्याचा प्रश्न येतो, भरपाई बिरपाई काही नाही.

तेव्हा माहिती अधिकारात कलेक्टर ऑफिसला तीन गोष्टी विचारा, राजपत्राची तारीख न प्रत, हद्दीचा नकाशा ज्यात तुमचा सर्व्हे नंबर आहे का, आणि भरपाईचा निवाडा झाला का. झाला नसेल तर तुमच्या एकट्याचं नाही, अख्ख्या आळीचं काम आहे, एकत्र वकील करा, एकेकट्याने वकिलाची फी भरत बसू नका.

काका, हे सगळं ठीक पण आम्हाला इंग्रजी लिहिता येत नाही. मराठीत लिहिलं तर चालतं का? – बचत गटाच्या एक ताई, देवगड

ताई, कलेक्टर, मत्स्यव्यवसाय, सोसायटी यांना बिनधास्त मराठीत लिहा. केंद्राच्या खात्याला तक्रार करायची तर सीपीग्राम्स पोर्टल आहे, साधारण २१ दिवसांत निकाल लावायचा असं त्यांचं ठरलेलं आहे, तिथे मात्र सोबत चार ओळी हिंदीत टाकलेल्या बऱ्या, वाचणारा दिल्लीत बसलेला असतो. संसदेला याचिका मराठीत करता येते पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. हिंदीचे मास्तर गावात असतीलच, त्यांना धरा, आणि सही भाषांतरावर पण करायला विसरू नका.